जीवरामची डाक

"आखो कितला येळ लागी? पाय आखडी ग्यात मना," स्टुलावर बसलेले जीवराम कुरकुरले.

"झालंच," शेवंताबाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दोंडाईच्याच्या गाडीत मिरचीचं पोतं फुटलं, ते घालू का?"

"घाल."

"कंडक्टर शिंकत शिंकत तिकिटं फाडत होता, तेही?"

"घाल ना."

जळगावात मंदाबाईंचा टायपिंग क्लास होता. नव्व्याण्णव साली अर्धे टाइपरायटर गेले, तीन कॉम्प्युटर आले आणि दारावर 'सायबर कॅफे' अशी पाटी चढली. दर रविवारी संध्याकाळी हे नवरा-बायको तिथे येत. जीवराम एसटीत कंट्रोलर. दिवसभर स्टँडवर गाड्या पुकारायच्या आणि घरी येऊन गप्प बसायचं. त्यांचं बोट एका वेळी दोन कळांवर पडे, म्हणून कीबोर्ड शेवंताबाईंकडे. त्यांची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्या लेकीच्या पुस्तकावरून शिकल्या होत्या, त्याच अक्षरांत मराठी मजकूर उतरत होता.

अमळनेरच्या कॉलेजातले एकतीस मित्र जगभर पांगले होते. त्यांतल्या पंडितनं अमेरिकेत बसून सगळ्यांची एक यादी केली होती. यादीच्या पत्त्यावर ई-मेल टाकला, की तो एकतिसांच्या पेटीत पडे. पाठवणाऱ्याच्या पेटीतही परत येई. बाकीचे सणासुदीला दोन ओळी टाकत. दर रविवारी चार पानं जात ती इथून. सगळे त्याला 'जीवरामची डाक' म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात मस्कतच्या बन्सीलालचे वडील बोदवडला वारले. त्याला रजा मिळाली नाही. जीवराम आणि शेवंताबाई जाऊन आले. त्या रविवारच्या डाकेत बोदवड होतं. कोण कोण आलं, आतल्या खोलीत बायका कुठे टेकल्या, बन्सीच्या आईला पहिला घोट चहा कुणी पाजला, आणि तो पिताना ती काय म्हणाली. बन्सीलालचं उत्तर आलं: "जीवराम, मी घरी जाऊन आलो. तुझे उपकार कसे फेडू?"

शेवंताबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जीवराम चष्मा पुसत राहिले. त्या उत्तराची प्रिंट शेवंताबाईंच्या पिठाच्या डब्यामागे अजून होती.

आज मिरचीची डाक गेली आणि पाठोपाठ पंडितचा मेल आला. 'मंडळी, ई-मेल म्हणजे पोस्टाचं काम. लिहा, पाठवा, वाट बघा. आता चॅट आलंय, ओट्यावर बसल्यासारखं बोलता येतं. एक तारखेपासून यादी बंद करू. रविवारपर्यंत मतं कळवा. चाखून बघायचं असेल त्यांनी आत्ताच या.'

"या की अक्का," मंदाबाई म्हणाल्या. "मेल कोण पाठवतं आता? पोरीबाळी सगळ्या चॅटवरच असतात."

त्यांनी पडद्यावर चॅटची खिडकी उघडून दिली. पाच-सहा जण आधीच जमले होते. ओळीवर ओळ पडत होती.

'आला, जीवराम आला! काय लेका, कसा आहेस?'

"काय सांगू?" शेवंताबाईंनी विचारलं.

"बरा शे म्हन."

'घरचे?'

"बरेच शेतस."

त्यांनी विचारायचं, यांनी सांगायचं, बाईंनी लिहायचं. तोवर गप्पा पुढच्या स्टँडला पोचलेल्या. कुणी क्रिकेटवर, कुणी पगारावर. मग पंडितची ओळ पडली: 'डाकेत चार पानं आणि इथे चार अक्षरं? झालंय काय तुला?'

जीवरामनी बायकोकडे पाहिलं. बाईंची बोटं कळांवर थांबली. मग त्यांनी 'लाइन गेली' असं टाइप केलं आणि खिडकी बंद केली.

"लाइन तर आहे," मंदाबाई म्हणाल्या.

"आमची गेली," शेवंताबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

घरी जाताना त्याच बोलल्या. "चॅट बरं आहे. झटपट होतं. रविवार मोकळा होईल, घरातली कामं तरी उरकतील."

"हां," जीवराम म्हणाले.

"बन्सीभाऊंना तेवढं चुकल्यासारखं होईल. पण सवय होईल त्यांनाही."

त्या आठवड्यात बाजारात दोन भाजीवाल्यांचं झकास भांडण जुंपलं. शेवंताबाई कोथिंबीर घेऊन सरळ घरी आल्या. पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. रात्री जेवताना जीवरामनी दोनदा विचारलं, "आज काय व्हयनं मग?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "काही नाही."

रविवारी पेटी उघडली. मतं येऊन पडली होती. सतरा जण चॅटच्या बाजूनं. यादी टिकावी म्हणणारे चारच, त्यांत बन्सीलाल.

"आपलं काय लिहू?" शेवंताबाईंनी आवाज साधा ठेवला. "सगळे जिकडे, तिकडे आपण?"

"ऊठ."

"अहो, पण..."

"ऊठ म्हनस ना. मी लिखस."

त्या उठून स्टुलावर बसल्या. जीवराम खुर्चीत टेकले, पडद्यासमोर खांदा आडवा धरला आणि एक बोट उगारून अक्षरं शोधू लागले. एक कळ दाबायची, दुसरी चुकून लागली की खोडायची. दहा मिनिटं गेली. वीस गेली. कपाळावर घाम आला.

"आबा, लग्नपत्रिका लिहिताय का?" मंदाबाईंनी विचारलं.

"मत दी राहिनू."

"हो किंवा नाही लिहायला एवढा वेळ?"

जीवरामनी पुढची कळ शोधली. अर्ध्या तासानं त्यांनी 'पाठवा'वर बोट ठेवलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि दाबलं. मग खुर्ची मोकळी करून ते दाराशी जाऊन उभे राहिले, पाठ फिरवून.

शेवंताबाई खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं यादीवरून ते मत त्यांच्याही पेटीत परत आलं. त्यांनी उघडलं.

'मंडळी. यादी चालू ठेवा. हाई मनं पहिलं पत्र शे. आधीनी समदी शेवंतानी लिखेल शेतस.'