मैत्रीचा झाडू

"पप्पा, उद्या शाळेत झाडू न्यायचाय," मैत्री म्हणाली, आणि अंकुशच्या हातातला चहा हातातच राहिला.

"कशाला गं?"

"नाटकाची प्रॅक्टिस आहे ना! प्राचीन काळातलं रोजचं जीवन. धनेश राजा झालाय. तो येतो तेव्हा मी झाडत असते."

एवढं सांगून ती खेळायला पळालीसुद्धा. पोरांना काय, स्टेजवर उभं राहायला मिळालं की झालं!

अंकुशच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. त्याच्या आजोबांनी, भगवाननी, जन्मभर गावची चावडी झाडली होती. पाटलाच्या दारावरून जायचं तर चपला काढून हातात घ्यायच्या, मग खाली तापलेली माती असो की काटे. ते सगळं मागे टाकून अंकुशचे वडील तुर्भ्याला कारखान्यात आले. आणि आता अख्ख्या वर्गातून झाडायला नेमकी आपलीच पोर सापडली?

"आधी विचारा तर खरं," त्याची बायको संध्या म्हणाली. "मग करा काय राडा करायचा तो."

पण रागाला कुठले कान? दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून अंकुश शाळेच्या हॉलवर धडकला. काय बोलायचं ते त्याने रिक्षातच पाठ केलं होतं.

"मॅडम, माझी मुलगी..."

"बसा ना, आत्ताच सुरू झालंय," मिताली टीचरनी ओठांवर बोट ठेवलं.

स्टेजवर मैत्री वाकून झाडत होती. ती वाकलेली पाठ बघत अंकुश कसाबसा खुर्चीत टेकला. पिपाणी वाजली. पुठ्ठ्याचा मुकुट घालून धनेश ऐटीत आत आला. अंकुश खुर्चीतून उठला. हा पोरगा तिला नुसतं 'बाजूला हो' म्हणू दे, नाटक इथेच बंद.

मैत्री ताठ उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसऱ्यात झाडू.

"ओ महाराज! आधी चपला काढा. आत्ताच झाडलंय!"

अंकुश दचकला. ही ओरड त्याच्या चांगलीच ओळखीची होती. दर रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात झाडू मारताना, कोणी चपला घालून आत आलं की तो स्वतः असाच ओरडायचा.

"हे वाक्य तिचंच हं," टीचर हसून म्हणाल्या. "लेण्यातल्या विहाराचा प्रवेश आहे. मैत्री तिथली सगळ्यात मोठी गुरू. राजा तिच्याकडे शिकायला येतो. मी म्हटलं, अगं, गुरूच्या हातात झाडू कशाला? तर म्हणाली, आपलं विहार आपणच झाडायचं असतं, पप्पा सांगतात."

रिक्षात पाठ केलेलं भांडण अंकुश साफ विसरला. तो मटकन खाली बसला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे पुसायला रुमाल शोधला, तर तोही रागाच्या भरात घरीच राहिलेला.

स्टेजवर राजाची पंचाईत झाली होती. चपला काढल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो इकडेतिकडे बघत राहिला.

शेवटी राजाने चपला हातात घेतल्या आणि मान खाली घालून तो मैत्रीपुढे आला.