दारात ताटकळलेला वीर

भालूच्या पत्राला महिना झाला, तरी श्रीपादरावांनी उत्तर धाडलं नव्हतं. “मी भुयाराचं दार ढकललं. फाशावर सहा पडले, दार उघडलं. आत काय आहे?” एवढंच त्यात होतं.

गोष्ट श्रीपादरावांनी रचायची आणि तिच्यातला वीर होऊन पुढची चाल भालूने कळवायची, असा हा टपालातला खेळ. बाकीचे गडी कंटाळून गळाले होते. अंथरुणाला खिळलेला भालू तेवढा उरला होता. आता आत काही पुळचट निघालं तर तोही जाईल, या धास्तीने त्यांनी खजिना लिहून खोडला, राक्षस लिहून फाडला आणि खोलीभर येरझाऱ्या घातल्या.

“अहो, बसा की जरा!” बायको वैतागली. “तिकडे तो बिचारा दारात ताटकळलाय.”

“आत काय ठेवू, तेच सुचत नाही गं.”

“सगळं तुम्हीच कशाला करायचं? दोघांच्या घरात पोळ्या एकाने लाटायच्या, दुसऱ्याने भाजायच्या.”

श्रीपादराव थबकले. मग कोऱ्या कार्डावर त्यांनी लिहिलं, “आत काय दिसतंय ते तूच सांग. मी तुझ्या मागोमाग येतोय.” आणि पुन्हा शंका यायच्या आत चपला अडकवून ते कार्ड टपालपेटीत टाकून आले.