कांद्याचा गोडवा

पुढे जी हकिगत निवेदन करणार आहे, ती एक पिता, त्याचे दोन पुत्र आणि हॉट डॉग नामक खाद्यपदार्थ यांची आहे. विषय किरकोळ भासला, तरी वाचकांनी ती शेवटपर्यंत वाचावी, ही नम्र विनंती.

थोरल्याने बशी बापासमोर ठेवली आणि तो दोन पावले मागे सरला.

बाप मैदानाच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसला होता. फाटकाच्या उजव्या अंगाला थोरल्याची हॉट डॉगची गाडी होती, डाव्या अंगाला धाकट्याची. दोन्ही गाड्या बापाच्या एकाच परवान्यावर चालत. परंतु आता नवा नियम आला होता. एका परवान्यावर एकच गाडी. दुपारपर्यंत कचेरीत एकाचे नाव द्यायचे होते. दुसऱ्याने आपला गाशा गुंडाळायचा होता. निकाल बापाने चाखून द्यावा, असे ठरले होते.

दोघा भावांत सात वर्षे संभाषण नव्हते. कारण ऐकून परक्याला हसू येईल. थोरल्याच्या मते पावात घालायचे मांसाचे सॉसेज तव्यावरच भाजले पाहिजे. त्याची साल तडकली पाहिजे. वर साखर घालून मंद आचेवर परतलेला तांबूस कांदा पाहिजे. धाकट्याच्या मते ते पाण्यातच उकडले पाहिजे. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि मोहरीच्या सॉसची एक सरळ रेघ, बाकी काही नाही.

“पलीकडे कोळसा मिळतो,” असे धाकटा गिऱ्हाइकांना सांगे.

“उकडलेलं आजाऱ्याला द्यावं,” असे थोरला आपल्या तव्याला सांगे, परंतु पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

बापाचा कौल आपल्याकडे आहे, याविषयी थोरल्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आई वारली त्या वर्षी, घरात दोघेच असताना, बापाने त्याला स्वमुखाने तसे सांगितले होते. मग धाकटा कोणाच्या जोरावर अडून बसतो, हे कोडे मात्र त्याला कधी उलगडले नव्हते.

धाकट्याची बशी आधीच चाखून झाली होती. बाप तिला “बरं आहे” एवढेच म्हणाला होता. आता तो थोरल्याचा घास चावत होता. सावकाश चावत होता. थोरल्याला तेथे उभे राहवेना. तो आपल्या गाडीकडे वळला. तव्यावर उरलेला कांदा त्याने चिमटीत उचलला आणि तोंडात टाकला.

तत्क्षणी त्याने तो थुंकून टाकला.

कांदा खारट जहर झाला होता. आजच्या दिवसासाठी बायकोने गाडी घासूनपुसून लखलखीत केली होती. डबे परत लावताना तिच्या हातून साखरेच्या जागी मिठाचा डबा ठेवला गेला होता. आणि बाप खूश व्हावा म्हणून थोरल्याने आज नेहमीच्या दुप्पट चमचे घातले होते.

संपले सारे. आता पुन्हा गोदामात पोती उचलायची, तीही या दुखऱ्या पाठीने. घरी दोन मुलींना काय सांगायचे? तो धावतच फाटकाशी आला.

“बाबा, थांबा. खाऊ नका ते.”

बशीतले अर्धे संपले होते. बापाने डोळे मिटले होते.

“कांद्याचा गोडवा असा उतरायला हवा,” बाप म्हणाला. “थोरल्याचं नाव द्या.”

धाकट्याने मान खाली घातली आणि तो कमरेचा एप्रन सोडू लागला. गाठ सुटेना. थोरला पाहत राहिला. आता केवळ गप्प राहायचे होते. तवा खरवडून टाकला की कोणाला पत्ता लागणार नव्हता. जागा त्याची झालीच होती. परंतु धाकटा त्या गाठीशी झटत राहिला, आणि थोरल्याच्याने ते पाहवले नाही. त्याने बापासमोरची बशी उचलली आणि धाकट्यापुढे धरली.

“चाखून बघ.”

सात वर्षांतले ते पहिले शब्द होते.

“जखमेवर मीठ चोळायला आलास होय?” धाकटा म्हणाला.

“एक घास खा. मग काय बोलायचं ते बोल.”

धाकट्याने घास घेतला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने थोरल्याकडे पाहिले, मग बापाकडे पाहिले. बाप बोटाला लागलेला कांदा चाटून पुसत होता.

“दादा,” धाकटा हळूच म्हणाला, “हे नुसतं मीठ आहे.”

“हो.”

दोघेही खुर्चीपाशी जाऊन बसले, एक या अंगाला, एक त्या अंगाला.

“बाबा,” थोरला म्हणाला, “ते गोड नव्हतं. तोंडात धरवत नाही इतकं खारट होतं.”

बापाने चाटलेले बोट सदऱ्याला पुसले.

“तुमच्या आईला आला तो ताप मलाही आला होता,” तो म्हणाला. “ती गेली, आणि माझी चव गेली. तेव्हापासून मला पाव काय नि पुठ्ठा काय, सारखंच.”

“मग भाजलेलंच खरं, असं तुम्ही मला म्हणाला होतात ते?” थोरल्याने विचारले.

“मला उकडलेलंच खरं म्हणाले होते,” धाकटा म्हणाला.

“आई गेल्यावर तुम्ही दोघं माझ्यापुढे घास धरायचात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचात,” बाप म्हणाला. “मी तुमच्या तोंडाकडे बघून चव सांगायचो.”

“आणि आज?” थोरल्याने विचारले.

“आज तुझे हात जास्त थरथरत होते.”

हकिगत येथे पूर्ण झाली. वाचकांनी आपला बहुमोल वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
भिकाजी लक्ष्मण कोंढरे