खोलीचे फोटो

गिरगावातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर आता मी एकटीच राहते. बाकीच्या खोल्या पर्यटकांना देतात. प्रत्येक दाराला आकडे जुळवून उघडायची किल्लीची डबी लटकते. मलाही एक एजंट विचारायला आला होता. त्याला मी जिन्यावरूनच परत पाठवलं.

दुपारी चहासाठी दूध गॅसवर ठेवलं, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर निळी बॅग घेऊन एक तरुण उभा होता.

"काकू, खोली हीच ना? माझं बुकिंग आहे."

"शेजारची असेल. इथे मी राहते." मी तोडूनच बोलले. हे रोजचंच झालंय.

"पण फोटो हेच आहेत." त्याने मोबाइल पुढे केला.

माझा पलंग होता. माझं देवघर होतं, आणि त्यात आज सकाळी वाहिलेली जास्वंद.

"कोणी काढले हे?"

"मालकांनीच टाकलेत," असं म्हणत त्याने पुढचा फोटो दाखवला. गॅसवर दुधाचं पातेलं, साय वर चढत आलेली.

शेवटचा फोटो आतून, ओट्याजवळून काढलेला होता. दारात पाठमोरी मी, हीच हिरवी साडी, पदर खोचलेला. माझ्यासमोर मोबाइल धरून हाच मुलगा, हीच निळी बॅग.

मला मान वळवता येईना. मागे दूध फसफसत वर आलं, आणि कुणीतरी गॅस बंद केला.

मुलाने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तो हसला.

"नमस्कार. मालक तुम्हीच ना?"