नदीतला गोटा

नांजालाच्या सासूला मधुमेह होता. रात्री तिच्या पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ती कळवळून उठायची. का येतात ते दवाखान्यातही कोणी सांगेना. मग नांजाला न्झोया नदीतला गोटा चुलीत तापवून, अंगावरच्या लेसोच्या कापडात गुंडाळून पायांशी ठेवायची. "कोमटच आहे. माझ्या लेकाच्या घरात लाकडं महाग झाली का?" सासू रोज टोचायची. एकदा नांजालाने रागारागाने तो भरपूर तापवला. तरी "कोमटच" म्हणत सासू झोपली. पहाटे करपलेल्या कातडीच्या वासाने नांजाला जागी झाली. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या म्हातारीला पत्ताच नव्हता. जखम चिघळली, डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. काल सासूने झोपेतच हाक मारली, "डावी पोटरी आखडली गं. गोटा दे." नांजालाने विझल्या चुलीतला थंडगार गोटा लेसोत गुंडाळून पाय नव्हता तिथे ठेवला. म्हातारीने सुस्कारा सोडला. "आज कुठे मनासारखा तापवलास."