पियानोचा हात

वर्षभर क्लास लावूनही पाच वर्षांच्या होइ-लामला पियानोवर साधी ओळ वाजवता येईना, तेव्हा तिच्या आईला भलतीच शंका येऊ लागली. बोटांतच काही दोष असला तर? दर बुधवारी नातीला क्लासला नेणारी आजी, म्हणजे पोपो, मात्र म्हणत राहिली, "येईल गं हळूहळू. पोरीला तपासायला कशाला नेतेस?"

आईनं ऐकलं नाही. नाइलाजानं पोपोही सोबत आली.

मुलांच्या हालचाली तपासणाऱ्या मिस तामनी टेबलावर लाकडी ठोकळे ओतले. "याची भिंत बांध बघू."

होइ-लामनं दोन्ही तळव्यांनी ठोकळे खळखळ घुसळले, दोन सरळ रांगा लावल्या आणि एक अख्खी रांग बोटांत धरून दुसरीवर अलगद चढवली. माहजाँग या चिनी जुगाराच्या टेबलावर जन्म काढलेल्या बायका सोंगट्यांची रांग चढवतात, अगदी तशी.

"हात तर फारच तयार आहेत हिचे," मिस ताम म्हणाल्या. "कुठं शिकलीस गं?"

आईनं पोपोकडे पाहिलं. पोपो छताचा पंखा बघत होती.



"पियानोच्या क्लासला," होइ-लाम म्हणाली. "बरोबर सांगितलं ना, पोपो?"