डाव्या कानावरचा तुरा

ट्यूनिसमधल्या आमच्या जुन्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा सलूहाकाकूंनी ट्रंकेतून एक फोटो काढून दिला. गल्लीच्या तोंडाशी तरुणपणीचे मोंजीकाका ऐटीत उभे, डाव्या कानावर जाईच्या कळ्यांचा तुरा. फोटोच्या पाठीवर साल मात्र नव्हतं.

"त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या. "लग्न झालेला माणूस तुरा उजव्या कानावर खोचतो. डाव्या कानावर म्हणजे गडी अजून स्थळ शोधतोय. आमचं लग्न सत्तर सालचं. तू एकोणसत्तर लिही."

मोंजीकाका चिलगोजे घातलेला चहा घेऊन तेवढ्यात बाहेर आले. "अगदी बरोबर," ते घाईघाईने म्हणाले. "एकोणसत्तरच. शाईने लिही."

मी लिहिलं. काका खुशीत आणखी चहा टाकायला आत गेले. मी फोटो पुन्हा नीट पाहिला.

"काकू, यांच्या मागे विजेचा खांब दिसतोय. तो आपल्या गल्लीत कधी आला?"

"त्र्याहत्तरला. आमचा थोरला तेव्हा दोन वर्षांचा होता."

"अहो, मग एकोणसत्तर कसं असेल?"

"हळू बोल, पोरी." काकूंनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "खरं साल दुसऱ्या आवृत्तीत घाल. हा फोटो सापडल्याला आठवडा झाला, आणि तेव्हापासून मला सकाळ-संध्याकाळ आयता चहा मिळतोय."